एकट्याचा होकार

गाऱ्हाणं घालावं तर गंगाराम गावकरानंच, हे कांदळवाडीत शेंबडं पोरही सांगेल. इतर गावांत कुणीतरी घसा खाकरतो, चार वाक्यं पुटपुटतो आणि नारळ ठेवून मोकळा होतो. गंगाराम देवळात उभा राहिला की रवळनाथालासुद्धा सावरून बसावं लागत असेल. गावाचे देव, सीमेवरचे राखणदार, बारा-पाचाच्या, म्हणजे देवळात पिढीजात मान असलेल्या मानकऱ्यांची घरं, सगळी नावं ठरलेल्या क्रमानं यायची. एक घर पुढे नाही, एक मागे नाही. हसण्यावारी नेऊ नका, या पुढे-मागे होण्यावरून आपल्या जिल्ह्यात सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढलेले आहेत.

आणि गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. पुढचा माणूस देवाला एकेक मागणं सांगतो आणि मागे उभा असलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हा होकार मिळाला नाही तर मागणं वाटेतच लटकतं, देवापर्यंत पोचत नाही, अशी सगळ्यांची समजूत. आता खरं सांगायचं तर पुढचा काय बोलतोय ते नीट ऐकून होकार देण्याचे कष्ट कुणीच घेत नाही. वाक्य संपून आवाज खाली आला की तोंड आपोआप उघडतं. सत्यवान तर चालायला लागल्यापासून बापाच्या पाठीमागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आला होता.

सत्यवान हा गंगारामचा एकुलता एक मुलगा. तरुणपणी गोव्याला गेला, म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं राबला आणि आई, सावित्री, वारल्यावर बायकोला घेऊन कायमचा घरी परतला. आता रस्त्याला लागून त्याची शेड आहे. तिथे तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. माणूस तापट, पण कामाचा. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं आणि कारण सापडलं की यंत्र सुरू होतं, एवढाच त्याचा देवधर्म.

म्हणूनच बापाचं बिघडायला लागलं तेव्हा तो आधी चिडला. गंगाराम वेंगुर्ल्याच्या बाजारात सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणायला गेला आणि तिन्हीसांजेला ओळखीच्या कंडक्टरनं त्याला हाताला धरून सावंतवाडीच्या एसटीतून उतरवलं. पिशवी रिकामी. चहाचा कप हातात असतानाच चहा मागायचा. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडायचा आणि तो तिथे सावित्रीनं ठेवला असं ठासून सांगायचा.

“बाबा, आताच सांगलंय मां तुमका!” सत्यवान उठता-बसता ओरडायचा.

“आराडलात म्हणान काय होतला?” त्याची बायको तेजस्वी म्हणायची. “तेंच्या ध्यानात रवणा नाय. ते मुद्दाम करतत काय?”

सत्यवानला मनातून वाटायचं, मुद्दामच करतात. देवळातला सगळा क्रम पाठ असणाऱ्या माणसाला आपण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हे कुणाला पटणार?

शेवटी दोघांनी त्याला सावंतवाडीच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो झाला. डॉक्टरांनी गंगारामला बाहेर बसवलं आणि सत्यवानला आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. म्हातारपणाचा विसरभोळेपणा नव्हे, मेंदूच्या पेशी मरत जाण्याचा रोग.

“सारवलेली जमीन बघितली आहे ना?” डॉक्टर म्हणाले. “शेणाचा वरचा थर आधी उडतो. खालची चोपून घट्ट केलेली जमीन बरीच टिकते. तसं कालचं, आजचं आधी जाईल. लहानपणी पाठ झालेलं खूप दिवस राहील.”

“बरे कधी होतील?”

“बरे नाही होणार. गोळ्यांनी थोडं सांभाळता येईल. आणि एक लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी ते तुम्हालाही ओळखणार नाहीत. तेव्हा ओळख पटवून द्यायला जाऊ नका, ते घाबरतील. ते जिथे असतील तिथे तुम्हीच जा.”

यातलं अर्धं सत्यवाननं घेतलं आणि अर्धं दवाखान्याच्या पायरीवर टाकून दिलं. “डॉक्टर काय वाट्टेल ता सांगता,” तो एसटीत तेजस्वीला म्हणाला. “बापूस झिलाक इसारतलो? मी काय शेजारचो आसंय?” बाप पोटच्या मुलाला विसरतो, हे त्याला पटणंच शक्य नव्हतं.

त्याला धास्ती होती ती वेगळीच. जत्रा जवळ आली होती. देवळात, आख्ख्या गावासमोर, बापाची जीभ अडखळली तर? नावं पुढे-मागे झाली, कुणाचं घर गळलं, मग मानकरी चिडतील, पोरं फिदीफिदी हसतील आणि ज्याच्या तोंडच्या शब्दावर जत्रा सुरू होते त्या माणसाला मधेच हात धरून बाजूला करतील. बापाजवळ उरलं होतं ते एवढंच एक. ते असं चारचौघांत हिसकावलं जाऊ नये म्हणून सत्यवान मानातला दुसरा मानकरी, शिवा घाडी, याच्याकडे गेला आणि यंदाचं गाऱ्हाणं तू घाल म्हणाला.

शिवानं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “काल तुझ्या बापसान माका आख्खा गाऱ्हाणा म्हणान दाखयल्यान. सुपारीयेवडी चूक नाय. येडो तो, की तू?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बापसाक येडो ठरवचो आणि मान आपल्याकडे घेवचो, होच डाव मां तुझो?”

सत्यवानचे कान तापले. हातातला पाना शिवाच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. तो तसाच घरी आला, आणि जे व्हायचं ते होऊ दे म्हणून त्यानं विषय सोडला.

जत्रेच्या दिवशी तेजस्वीनं सासऱ्याला पांढरंशुभ्र धोतर नेसवलं, खांद्यावर उपरणं टाकलं. सत्यवाननं ट्रंकेतला निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. गोव्याच्या पहिल्या कमाईतला, कॉलर झिजलेला. सणावाराला तोच घालायचा, त्याला तो लाभतो असं वाटायचं.

“बाबा, आज शिवाक घालूंदे गाऱ्हाणा,” त्यानं शेवटचं म्हणून बघितलं.

“शिवा? तो कालचो पोर!” गंगाराम म्हणाला. या पोराला तीन नातवंडं आहेत. मग गंगारामची नजर त्या शर्टावर गेली आणि तिथेच राहिली. चौकड्यांवरून, बटणांवरून फिरून ती सत्यवानच्या तोंडावर आली आणि चटकन बाजूला झाली. सत्यवानला वाटलं, बापाला शर्ट आवडला.

देऊळ भरलं होतं. माहेरवाशिणी ओट्या घेऊन बसल्या होत्या, ढोलवाले बाहेर कातडं तापवत होते. गंगारामनं देवासमोर नारळ ठेवला, दोन्ही हात जोडले आणि मान वर केली. त्याच्या मागे हातभर अंतरावर सत्यवान उभा.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या जत्रेच्या दिसाक तुझी समस्त लेकरां-बाळां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंची सेवा पावन करून घी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज काय लागला होता! थेट कौलांना भिडत होता. सीमेवरचे राखणदार आले, एक सुटला नाही. मानकऱ्यांची घरं आली, क्रमानं. जो दर्यावर जातो त्याची होडी सुखरूप किनाऱ्याला लाव, ज्याच्या घरात आजार आहे त्याला उतार दे, जो वाकड्या वाटेनं येईल त्याची वाट वळव. प्रत्येक मागण्यागणिक सत्यवानची धास्ती विरघळत गेली. शेवटचं घर आलं तेव्हा तर त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. डॉक्टर खोटा, फोटो खोटा, गोळ्या उद्याच खाडीत फेकून देईन असं त्यानं ठरवलं. शिवानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, कसं, म्हणून. सत्यवान खुशाल हसला.

आता नारळ उचलायचा आणि ढोल वाजायचे. गंगारामनं नारळ उचललाही. पण हात जोडलेलेच राहिले, नारळ दोन्ही तळव्यांत धरून, आणि त्याच चालीत, त्याच भरल्या आवाजात त्यानं पुढे सुरू केलं.

“आणि बा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात एक परको माणूस घुसलो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला. सत्यवानही.

“माझ्या झिलाचे कपडे आंगार घालता, माझ्या झिलाच्या खोलयेत निजता, माका तोंडार बाबा म्हणता, म्हाराजा!”

“व्हय म्हा...”

अर्ध्या गावाचं तोंड उघडून गेलं होतं, कान मागून पोचले. सत्यवानचंही उघडून गेलं होतं. आपल्याच तोंडून निघालेला आवाज त्यानं ऐकला आणि मग त्या आवाजानं कशाला होकार दिला ते त्याच्या डोक्यात शिरलं. निळा शर्ट अंगावर चटका बसल्यासारखा लागला. सगळं देऊळ त्या शर्टाकडे बघत होतं. बायकांमध्ये कुणीतरी “गे बाये माझे!” म्हणालं आणि तोंडावर पदर धरला. बाहेर ढोलवाल्याचा हात तसाच वर राहिला.

गंगारामला यातलं काही कळलं नव्हतं. त्याचं तोंड देवाकडे होतं.

“त्या माणसाची वाट वळव, तेका माझ्या उंबऱ्याभायर काड, आणि माझो झील सत्यवान गोंयाक गेलो हा, तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा!”

कुणी काही बोललं नाही.

गंगाराम थांबला. उभ्या जन्मात त्याच्या गाऱ्हाण्याला कधी असं झालं नव्हतं. त्याची मान थोडी कलली, आपण काही चुकलो की काय, अशी. त्यानं तेच पुन्हा म्हटलं, पण आता चाल मोडली होती. आता ते गावकराचं गाऱ्हाणं नव्हतं, ती एका म्हाताऱ्याची विनवणी होती. “माझ्या सत्याक घराक हाड रे, म्हाराजा... खूप दिस झाले...”

शिवा घाडीची नजर जमिनीवर. नारळ धरलेले हात हळूहळू खाली यायला लागले आणि सत्यवानला पाठीमागून ते दिसलं. ओरडून सांगावं, मी हा उभा आहे, फिरा मागे आणि बघा माझ्या तोंडाकडे! ते शब्द दातांपर्यंत आलेही. पण बाप फिरला असता तर त्याला कोण दिसलं असतं? तोच परका माणूस. भर देवळात, त्याच्या झिलाच्या शर्टात. आणि होकार मिळाल्याशिवाय बापाचं मागणं तसंच लटकणार होतं.

“व्हय म्हाराजा,” सत्यवान म्हणाला.

भरल्या देवळात तेवढा एकच आवाज. गंगारामचे खांदे सैल पडले. त्यानं नारळ कपाळाला लावला आणि मागे न बघता पुजाऱ्याच्या हातात दिला. ढोल वाजायला हवे होते म्हणून वाजले.

शिवानंच गंगारामला घरी नेऊन पोचवलं. परत आला तेव्हा सत्यवान देवळाच्या तळीच्या पायरीवर बसला होता. शिवा त्याच्या शेजारी येऊन टेकला.

“सत्या, तुका परको ठरवूक आमी व्हय म्हटला रे. मी म्हटलंय. मोठ्यान म्हटलंय.” म्हातारा ढसढसा रडायला लागला.

बारा-पाचाची मंडळी भोवती गोळा झाली. गावाचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही. एकानं सुचवलं, दुसरा नारळ ठेवून पहिलं गाऱ्हाणं मागे घेऊया. दुसरा म्हणाला, देवासमोर गेलेलं मागे कसं घेता येईल? तिसऱ्यानं विचारलं की मग देव आता सत्यवानला घराबाहेर काढणार की घरी आणणार, दोन्ही एकदम कसं करणार? त्यावर चांगलीच चर्चा रंगली असती.

“काय उलटा करू नकात,” सत्यवान म्हणाला. “तेंनी देवाकडे माकाच मागल्यानी मां? मगे?”

मंडळी एकेक करून पांगली. सत्यवान पाण्याकडे बघत बसला. त्याला आता भलतंच आठवायला लागलं होतं. बापानं आपल्याला शेवटची नावानं हाक कधी मारली? ‘रे, च्या दी.’ ‘रे, ह्यां बटान लाय.’ ‘रे, सावित्री खंय गेली?’ कित्येक महिने नुसतं ‘रे’. गावात कुणीही कुणालाही मारतो ती हाक. रस्त्यावरच्या परक्यालाही मारतात. आपण त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, ओरडलो, औषधं दिली, आणि तो इतके दिवस एका अनोळखी माणसाच्या हाती निमूट राहिला. कुणाला सांगणार? सांगायचं तो मुलगा गोव्याला. म्हणून बिचाऱ्यानं जत्रेपर्यंत वाट बघितली आणि जिथे त्याचं ऐकतात त्या एकाच जागी जाऊन सांगितलं. सत्यवानला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि बापाची इतकी दया आली की तो तळीत तोंड धुवायला वाकला.

दवाखान्याच्या पायरीवर टाकलेलं अर्धं वाक्य त्याला तेव्हा आठवलं. ते जिथे असतील तिथे तुम्हीच जा.

दुपार कलताना तो परड्यातून मागच्या दारी आला. तेजस्वी वाटच बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

“पुढल्या दारान येव नकात,” ती कुजबुजली. “काठी घेवन पडवीत बसले हत. तो माणूस इलो तर झोडतलंय म्हणतत.”

“माझी गोंयाची बॅग खंय आसा?”

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माळ्यावरून रेक्झिनची जुनी बॅग काढून धूळ झटकली. “शर्ट तरी बदला,” ती म्हणाली.

“कित्याक? माझोच मां तो.”

बॅग खांद्याला लावून तो परड्यातून पाणंदीला लागला, वळसा घालून रस्त्यावर आला आणि आपल्याच घराच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभा राहिला. गोव्याहून यायचा तेव्हा चपला काढायच्या आधी एकच हाक द्यायची त्याची सवय. आई गेल्यापासून ती हाक त्यानं दिली नव्हती.

“आये, च्या ठेव गो!”

आत तेजस्वीनं टोपाचा आवाज केला. पडवीत गंगाराम काठीवर हात आवळून उठला. त्यानं डोळे बारीक केले. शर्ट बघितला, बॅग बघितली. काठी हळूहळू खाली आली.

“सत्या?” तो म्हणाला. “इलंस रे सत्या?”

कित्येक महिने घरात राहून जे नाव मिळालं नव्हतं ते बाहेरून आल्यावर मिळालं. “इलंय, बाबा,” तो कसाबसा म्हणाला.

गंगारामनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपले, वाळलास म्हणाला. देवानं ऐकलं म्हणाला. मग एकदम मागे दाराकडे बघून त्यानं आवाज खाली आणला.

“आदी त्या माणसाक भायर काड. आतल्या खोलयेत आसतलो. तुझे कपडे घालता.”

“काडतंय.”

सत्यवान आतल्या खोलीत गेला. त्याची खाट, दोरीवर त्याचे कपडे, कोनाड्यात बापाच्या गोळ्या. दारात तेजस्वी उभी होती, तोंडावर हात दाबून. बापाला ऐकू जावं म्हणून तो रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाला, “चल, ऊठ. भायर हो. परत हंय येव नको.” आणि मागचं दार उघडून त्यानं धाडकन लावलं. मग तो बाहेर पडवीत आला.

“गेलो?” गंगारामनं विचारलं.

“गेलो.”

“मारूक नाय मां तेका?”

“नाय, बाबा.”

“बरा केलंस.” गंगाराम काठी भिंतीला टेकवून सावकाश बसला. चहा आला, त्यानं बशीत ओतला, पण प्याला नाही. बेड्याकडे, रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

“माणूस वायट नव्हतो रे तो,” तो म्हणाला. “आरडता, पण माका न्हाणयता, जेवक घालता. रातचो खोकलंय तर उठान पाणी दिता.” त्यानं सत्यवानचा हात धरला. “तेचोय बापूस आसतलो खंयतरी, सत्या. तो बिचारो वाट बगीत बसलेलो आसतलो.”

सत्यवाननं मान हलवली.

“व्हय,” तो म्हणाला.